विश्लेषण : सोलापूर ते चीनची युद्धभूमी… घर सोडताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची तयारी किती होती?

आज एखादा डॉक्टर परदेशात स्वयंसेवी वैद्यकीय कामासाठी निघाला, तर त्याच्या हाती एक यादी असते. लसीकरण, विमा, व्हिसा, सुरक्षेच्या सूचना आणि संकटात घरी कोणाला कळवायचे याचा अर्ज. १९३८ मध्ये अशी यादी नव्हती. त्या वर्षी १ सप्टेंबरला पाच भारतीय डॉक्टर मुंबईहून बोटीने चीनला निघाले. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस परतले नाहीत. त्यांच्या बलिदानाची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. मात्र ते निघाले कसे, निघताना त्यांच्याजवळ काय होते आणि काय नव्हते, याची चर्चा कमी होते.

चीनला भारतीय डॉक्टर का हवे होते?

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर जपानी आणि चिनी सैन्यात चकमक उडाली आणि तिचे रूपांतर पूर्ण युद्धात झाले. डिसेंबरात राजधानी नानकिंग पडली. चीनकडे सैनिक होते, पण शस्त्रक्रिया करू शकणारे प्रशिक्षित डॉक्टर फारच थोडे होते. जखमी सैनिक गोळीने मरण्यापेक्षा जखम चिघळून मरण्याची शक्यता अधिक होती. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जनरल चू तेह यांनी १९३७ च्या अखेरीस जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. त्या वेळी चीनमध्ये असलेल्या अमेरिकी पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली यांनीही त्यासाठी प्रयत्न केले.

भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. जपानशी ब्रिटनचे युद्ध सुरू झालेले नव्हते, ते डिसेंबर १९४१ मध्ये झाले. त्यामुळे सरकार चीनच्या बाजूने उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता. जे करायचे ते काँग्रेसला स्वतःच्या बळावर करायचे होते. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जूनअखेरीस देशाला आवाहन केले. ‘चीन दिन’ पाळले गेले, वर्गणी गोळा झाली. सुमारे २२ हजार रुपये जमले. त्यातून एक अ‍ॅम्ब्युलन्स, औषधे आणि शस्त्रक्रियेची साधने घेऊन पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले. स्वतः गुलाम असलेल्या देशाने दुसऱ्या देशाला पाठवलेली ही मदत होती.

पथकात कोण कोण होते?

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल होते. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूने त्यांनी वैद्यकीय काम केले होते. म्हणजे युद्धभूमीचा अनुभव असलेला एक तरी माणूस पथकात होता. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे पाचांत वयाने ज्येष्ठ होते. कोलकात्याचे डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. विजयकुमार बसू हे दोघे बंगालचे. बसूंचे नाव मूळ यादीत नव्हते. कोलकात्याचे दुसरे एक डॉक्टर रणेन सेन निवडले गेले होते, पण त्यांच्या राजकीय मतांमुळे ब्रिटिश सरकारने त्यांना पासपोर्ट दिला नाही. त्यांच्या जागी ऐनवेळी बसू आले. पाचवे डॉ. कोटणीस. त्यांना २८ वर्षे पूर्ण होण्यास महिना-सव्वा महिना बाकी होता.

पाचपैकी दोघे आजच्या महाराष्ट्रातले होते, हे आपल्याकडे अनेकदा विसरले जाते. कोटणीसांच्या नावाच्या तेजात चोळकर मागे पडले.

कोटणीस त्या वेळी काय करत होते?

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरीला होते. कुटुंब मोठे आणि मध्यमवर्गीय होते. सोलापूर हे त्या काळी गिरण्यांचे आणि चळवळीचे शहर. १९३० मध्ये तेथे मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत चौघांना फाशी झाली, तेव्हा द्वारकानाथ विशीत होते. त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे केईएमशी जोडलेल्या जीएस कॉलेजातून, १९३६ मध्ये एमबीबीएस पदवी घेतली. हे महाविद्यालय राष्ट्रीय विचाराच्या भारतीय डॉक्टरांनी चालवायचे अशा अटीवर उभे राहिले होते आणि डॉ. जीवराज मेहता त्याचे अधिष्ठाता होते. तेथील वातावरणात देशकार्य ही वेगळी काढून ठेवायची गोष्ट नव्हती.

पदवीनंतर कोटणीस पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. मध्यमवर्गीय घरात मुलगा डॉक्टर झाला की पुढचे गणित ठरलेले असे. दोन-चार वर्षांत दवाखाना, मग धाकट्या भावंडांची शिक्षणे आणि लग्ने. चीनला जाण्यासाठी नाव देताना कोटणीसांनी हे गणित पुढे ढकलले.

निघण्याआधी कोणती तयारी झाली?

कागदोपत्री पहिली अडचण पासपोर्टची. काँग्रेस पाठवत असली तरी परवानगी ब्रिटिश सरकारची लागत होती. रणेन सेन यांचे उदाहरण समोर असल्याने कोणाचेही जाणे शेवटपर्यंत गृहीत धरता येत नव्हते. दुसरी तयारी सामानाची. औषधे, पट्ट्या, भूल देण्याची साधने, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि अ‍ॅम्ब्युलन्स हे सगळे बोटीवर चढवायचे होते. तिसरी तयारी घरच्यांची. सोलापुरातल्या घराला मुलगा विलायतेला शिकायला जातो हे समजू शकत होते. बॉम्ब पडत असलेल्या देशात, पगाराशिवाय, अनोळखी सैन्याच्या जखमा शिवायला जातो, हे समजावणे अवघड होते.

मुंबईत पथकाला निरोप देण्यासाठी सभा झाली. सरोजिनी नायडू निरोप देणाऱ्यांत होत्या. ‘राजपुताना’ या बोटीने पथक निघाले.

या तयारीत काय नव्हते, तेही पाहायला हवे. पाचांपैकी कोणालाही चिनी भाषा येत नव्हती. उत्तर चीनच्या डोंगरांतील शून्याखालच्या थंडीची सोलापूर-मुंबईच्या माणसाला कल्पना नव्हती. अटल वगळता कोणी युद्धात काम केलेले नव्हते. आणि घरात काही घडले तर काय करायचे, याचा विचार करून कोणी निघत नाही. कोटणीसांपुढे हाच प्रश्न सर्वांत आधी उभा राहिला.

वाटेत काय घडले?

हाँगकाँगमार्गे पथक १७ सप्टेंबरला कँटनला पोहोचले. स्वागताला चीनचे राष्ट्रपिता मानल्या जाणाऱ्या सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग होत्या. तेथून चांगशामार्गे पथक हँकौला, म्हणजे आजच्या वुहान शहरात गेले आणि चिनी रेड क्रॉसच्या व्यवस्थेखाली कामाला लागले. पण युद्ध त्यांच्या पाठोपाठ येत होते. २१ ऑक्टोबरला कँटन पडले, २५ ऑक्टोबरला हँकौ. ज्या शहरात हे डॉक्टर उतरले ते त्यांच्यामागे जपान्यांच्या हाती गेले होते. समुद्राकडे जाणारा, म्हणजे घराकडे जाणारा सरळ रस्ता दोन महिन्यांच्या आत बंद झाला होता. यांगत्से नदीच्या वरच्या अंगाने मागे सरकत पथक युद्धकाळातील राजधानी चुंगकिंगला पोहोचले.

तेथे पाचही जणांना चिनी नावे मिळाली. शांतिनिकेतनच्या चीन भवनाशी जोडलेले प्राध्यापक तान युनशान यांनी प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीसांचे ‘के दिहुआ’ झाले आणि चीनमध्ये आजही ते याच नावाने ओळखले जातात. कोटणीसांनी भाषेचा अभ्यासही मन लावून सुरू केला. पथकातील सर्वांत चांगली चिनी त्यांनाच आली. पुढे ते दुभाष्याशिवाय रुग्णांशी बोलत आणि विद्यार्थ्यांना चिनी भाषेत शिकवत. मुंबईत न झालेली ही तयारी त्यांनी वाटेत पूर्ण केली.

घरून कोणती बातमी आली?

पथक अजून चुंगकिंगमध्येच होते आणि येनानला जाण्याची वाट पाहत होते. त्या काळात सोलापूरहून पत्र आले. वडील गेले होते. मुंबईचे बंदर सोडून पाच महिनेही झाले नव्हते.

अंत्यसंस्कार केव्हाच होऊन गेले होते. मागे आई, भावंडे आणि कमावता हात गेलेले घर होते. सहकाऱ्यांनी कोटणीसांना परत जाण्याचा सल्ला दिला. तो सल्ला रास्त होता आणि परतले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. आघाडीचे काम तर सुरूही झाले नव्हते. कोटणीसांनी पथकाबरोबर पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

या निर्णयाकडे केवळ वीरगाथा म्हणून पाहणे सोपे आहे. पण त्याची किंमत दोन ठिकाणी मोजली गेली. एक चीनमध्ये, ती सर्वांना दिसली. दुसरी सोलापुरात, जिथे आईला आधी नवऱ्याशिवाय आणि मग मुलाशिवाय दिवस काढावे लागले. स्वयंसेवक एकटा निघत असला तरी त्याच्या निर्णयाचा भार घरही उचलते, हे कोटणीसांच्या चरित्रात ठळकपणे दिसते.

येनानमध्ये काम कसे होते?

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. माओ आणि कम्युनिस्ट पक्षाचे हे मुख्यालय. जपानी विमानांनी गावावर बॉम्ब टाकले होते आणि लोक पिवळ्या मातीच्या टेकड्यांत खोदलेल्या गुहांमध्ये राहत होते. रुग्णालयही गुहांत होते. डॉक्टरांनी सैनिकांसारखे कापूस भरलेले गणवेश घातले, त्यांच्यासारखेच साधे जेवण घेतले. तेथे वरिष्ठ डॉक्टर म्हणून वेगळी वागणूक घ्यायची नाही, ही शिस्त होती.

पथक मात्र लहान होत गेले. चोळकर आणि मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने १९३९ मध्येच भारतात परतले. अटल, बसू आणि कोटणीस वर्षाच्या अखेरीस आघाडीकडे निघाले. ज्यांच्या पत्रामुळे हे सारे सुरू झाले, त्या चू तेह यांची भेट डिसेंबरात त्यांच्या मुख्यालयात झाली. त्यानंतर त्वचेच्या विकाराने त्रस्त झालेले अटलही परतले. उरले कोटणीस आणि बसू.

डॉ. बेथ्यून यांच्या मृत्यूचा संबंध काय?

कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करत होते. खेचरांवर लादून नेता येईल असे फिरते शस्त्रक्रियागृह त्यांनी तयार केले होते, म्हणजे जखमींना डॉक्टरपर्यंत आणण्याऐवजी डॉक्टरच जखमींपर्यंत जात असे. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली. हातमोजे नव्हते. रक्तात जंतुसंसर्ग पसरून १२ नोव्हेंबरला ते वारले. भारतीय डॉक्टर आघाडीकडे निघण्याच्याच सुमारास ही घटना घडली. साध्या रबरी मोज्यांअभावी एक निष्णात सर्जन जाऊ शकतो, हे पुढे जाणाऱ्यांना कळून चुकले होते.

१९४० मध्ये कोटणीस आणि बसू बेथ्यून यांच्याच भागात, शान्सी-चाहार-होपेई या सीमाप्रदेशात पोहोचले. ऑगस्टमध्ये आठव्या मार्ग सेनेने जपान्यांचे रेल्वेमार्ग आणि ठाणी यांवर मोठा हल्ला सुरू केला. तो ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ म्हणून ओळखला जातो. या लढाईत कोटणीसांनी एकदा सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद आहे. औषधांची नाकेबंदी होती. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरल्या जात. रुग्णालय एका गावात स्थिर नसे. जपानी तुकड्या जवळ आल्या की जखमींसह सगळे डोंगरात हलवावे लागे.

सर्व परतले, मग कोटणीस का राहिले?

१९४० च्या अखेरीस बसूंना येनानला बोलावण्यात आले. ते १९४३ मध्ये भारतात परतले. त्यांनी लिहिलेल्या रोजनिशीमुळे या पथकाची बरीच माहिती उपलब्ध झाली. कोटणीस आघाडीवर एकटे भारतीय उरले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

आता त्यांचे काम बदलले होते. एक डॉक्टर दिवसात किती जखमा शिवणार, याला मर्यादा असते. तोच डॉक्टर वर्षात कित्येक सहायक तयार करू शकतो. कोटणीस बेथ्यून वैद्यकीय शाळेत शिकवू लागले, चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहू लागले. परदेशी मदत संपल्यावर मागे काय उरते, हा आजच्या प्रत्येक वैद्यकीय मोहिमेपुढचा प्रश्न आहे. कोटणीसांचे उत्तर प्रशिक्षित माणसे हे होते.

याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांची ओळख झाली. १९४१ च्या अखेरीस त्यांनी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती निए रोंगचेन यांनी सुचवलेले त्याचे नाव ‘यिन्हुआ’ होते. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैत कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते.

शेवट कसा झाला?

अपुरे अन्न, थंडी, जागरणे आणि सततचे स्थलांतर यांचा परिणाम शरीरावर झाला. कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे झटके येऊ लागले. उपचारांसाठी आघाडी सोडून जावे, असे त्यांना सुचवले गेले. ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे होपेई प्रांतातील तांग परगण्याच्या गेगोंग गावात झटक्यांमागून झटके आले आणि त्यांचा मृत्यू झाला. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. जखमेने किंवा गोळीने नव्हे, तर वेळेवर विश्रांती आणि औषध न मिळाल्याने हा मृत्यू झाला. स्वयंसेवकाने स्वतःच्या प्रकृतीची काळजी घेणे हा कामाचाच भाग आहे, असे आज परदेशी निघणाऱ्या डॉक्टरांना बजावले जाते, ते अशाच अनुभवांमुळे.

त्यांचे दफन गावकऱ्यांच्या भूमीतच झाले. पुढे अवशेष शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आले. बेथ्यून यांची समाधीही तेथेच आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. भारतातील बहुतेकांना कोटणीस कळले ते या चित्रपटातून.

मागे काय उरले?

यिन्हुआनेही वडिलांप्रमाणे वैद्यकीय शिक्षण घेतले, पण १९६७ मध्ये, डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर त्याचा मृत्यू झाला. गुओ छिंगलान यांनी सोलापूरच्या कुटुंबाशी नाते अखेरपर्यंत ठेवले. त्या अनेकदा भारतात आल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. चीनने १९८२ मध्ये कोटणीसांवर टपाल तिकीट काढले, भारताने १९९३ मध्ये. सोलापुरात त्यांच्या घराच्या जागी स्मारक उभे आहे. १९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांचे संबंध कितीही ताणले गेले, तरी भारतात येणारे चिनी नेते कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत राहिले.

पाचही डॉक्टर एकाच बोटीने, सारखेच सामान घेऊन निघाले होते. चौघे परतले आणि त्यांच्या परतण्यात कमीपणा काहीच नव्हता. कोटणीसांनी भाषा, नाव, काम आणि संसार सारे वाटेत जमवत नेले. मुंबईच्या धक्क्यावर त्यांच्याजवळ यातले काहीही नव्हते. होती फक्त शल्यचिकित्सा आणि घरच्यांनी, मनावर दगड ठेवून का होईना, दिलेला निरोप.